सात नंबरचा चार्ज

दुपारचे अडीच वाजायला दोन मिनिटं कमी असताना सातनंबर काका खाकरले. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा चांगलं मोठ्यानं. घशाला काहीही झालेलं नव्हतं. पण सकाळपासून तोंडातून एक अवाक्षर बाहेर पडलं नव्हतं, आणि दिवसातला पहिला शब्द नेहमी गंजलेला निघतो हे त्यांना आता पक्कं ठाऊक झालं होतं. गंजक्या आवाजात फोन केला तर समोरच्याला वाटणार, म्हातारा आत्ता अंथरुणातून उठतोय. म्हणून आधी खाकरायचं, मग भिंतीवरच्या घड्याळाला दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणून बघायचं, आणि मगच नंबर फिरवायचा.

"कंट्रोल रूम."

"सात नंबरचं प्रेशर किती?"

"तीन पूर्णांक दोन किलो, काका."

"शाब्बास. टाकी?"

"बारा फूट."

"ठेवतो."

झालं! चाळीस सेकंद. यातच त्यांचं दिवसभराचं बोलणं आटोपायचं.

फोनवरच्या त्या बाईला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. काकांच्या लेखी ती 'कंट्रोलवाली'. आणि तिच्या लेखी ते 'सातनंबर काका', कारण शहराच्या पाण्याच्या मोठ्या लाइनीवरचा सात नंबरचा व्हॉल्व्ह बरोबर त्यांच्या दारासमोर, रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली होता. तसं तर काकांनी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हे दोन खोल्यांचं घर घेतलंच त्या झाकणासाठी. बायको म्हणाली होती, "लोक बाग बघून घर घेतात, आमच्या ह्यांनी गटाराचं झाकण बघून घेतलं." गटाराचं नव्हे गं, व्हॉल्व्हचं, असं काका तिला पुढची तीस वर्षं सांगत राहिले. ती जाऊनही आता पाच वर्षं झाली, आणि अजूनही झाकणावरून गाडी गेली आणि खडाड् असा आवाज आला की काकांच्या ओठांवर ते वाक्य येतं. मग ऐकायला कोणी नाही हे आठवतं, आणि ते परत आत जातं.

चौतीस वर्षं काका पंपहाऊसवर ऑपरेटर होते. पंपहाऊसचे नियम तीन. एक, दुसऱ्याच्या शिफ्टमध्ये कुठल्याही व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, भले तुम्ही कितीही शहाणे असा. दोन, रजिस्टरातला शेऱ्याचा रकाना कोरा सोडायचा नाही. कोरा शेरा म्हणजे ऑपरेटर झोपला होता. काही घडलं नसेल तर 'ठीक' लिहा, पण लिहा. आणि तीन, सगळ्यात मोठा: शिफ्ट संपली की जाणाऱ्यानं सगळी रीडिंग मोठ्यानं सांगायची, येणाऱ्यानं ती शब्दन्‌शब्द परत म्हणायची, आणि शेवटी म्हणायचं, "चार्ज घेतला." हे दोन शब्द कानावर पडल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. बदली यायला तीन तास उशीर होवो नाहीतर आभाळ कोसळो, बसून राहायचं.

लेक लहान होती तेव्हा तिलाही या खेळाचं भारी वेड. बाबा कामावरून आले की ती दारात हाताची घडी घालून उभी. "रीडिंग द्या!" मग काकांनी बूट काढता काढता सांगायचं, "भूक दहा किलो, पाय दुखणं चार किलो, शेरा, मोटर गरम." तिनं सगळं घडाघडा परत म्हणायचं आणि ओरडायचं, "चार्ज घेतला!" मगच काकांना घरात प्रवेश.

आणि गंमत बघा, ज्या माणसानं चौतीस वर्षांत हजारो वेळा चार्ज दिला, त्याचा शेवटचा चार्ज कोणी घेतलाच नाही. काका रिटायर झाले त्याच दिवशी पंपहाऊस कॉम्प्युटरवर गेलं. सगळं कंट्रोल रूममधून चालणार, ऑपरेटरची गरज नाही. हे काकांना महिनाभर आधी माहीत होतं. तरी शिफ्ट संपायचे अडीच वाजले तेव्हा ते खुर्चीत बसून राहिले. तीन वाजले. साडेतीन वाजले. शेवटी ऑफिसचा फोन आला, "अहो, चावी शिपायाकडे द्या आणि जा की घरी." काकांनी चावी दिली. घरी गेले. पण आतून कुठंतरी ते अजून त्या खुर्चीतच बसलेले होते.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. काकांचं बीपी वाढलं. साधंसुधं नाही, वरचा आकडा एकशे अडुसष्ट. डॉक्टरांनी लघवी जास्त होते ती गोळी दिली आणि म्हणाले, "मीठ कमी करा, पाणी व्यवस्थित प्या, महिन्यानं दाखवा." लेकीला कळलं तेव्हा तिनं फोनवरच निकाल लावला.

"बाबा, एक महिना देते. महिनाअखेरीला बीपी एकशे चाळीसच्या खाली नसेल तर मी गाडी घेऊन येणार, सामान भरणार आणि तुम्हाला इकडे आणणार. तिथं एकट्यानं काही झालं तर मला कळणार कसं?"

लेक राहायची सहा तासांच्या अंतरावर, चौदाव्या मजल्यावर. काका तिथं एकदा आठवडाभर राहून आले होते. लेक सकाळी आठला बाहेर पडायची ती संध्याकाळी आठला उगवायची. खिडकी उघडत नव्हती. खाली माणसं दिसायची, पण मुंग्यांएवढी, आणि मुंग्यांशी काय बोलणार? तिथं ते दिवसाला बारा तास एकटे होते आणि त्यांना एक फोनसुद्धा करता येत नव्हता, कारण त्या शहरातल्या पाण्याचं प्रेशर त्यांच्या ओळखीचं नव्हतं. इथंही एकटेच, मान्य! पण इथं निदान दारात सात नंबर होता.

तेव्हा प्रश्न घराचा होता. बीपी खाली आणायचंच!

काकांनी कपाटातून कोरं रजिस्टर काढलं, पट्टीनं रेघा मारल्या आणि रकाने आखले. वेळ. प्रेशर. पाणी आत. पाणी बाहेर. शेरा. बीपीचं मशीन टेबलावर मांडलं. मग त्यांनी खुर्चीत बसून विचार केला, आणि विचार केला तो पंपहाऊसच्या डोक्यानं. लाइनीत प्रेशर का वाढतं? आत गाळ, क्षार, काहीबाही साठतं, नळी अरुंद होते. उपाय? लाइन धुवायची. भरपूर स्वच्छ पाणी सोडायचं, दुसऱ्या टोकानं घाण बाहेर. आणि क्षार येतात तो व्हॉल्व्ह? बंद! डॉक्टर 'कमी' म्हणाले होते, पण अर्धवट बंद केलेला व्हॉल्व्ह गळतो, हे डॉक्टरांना काय माहीत?

मिठाची बरणी बायकोची होती, आत तिचा छोटा लाकडी चमचा. काकांनी ती फडताळाच्या सगळ्यात वर, मागच्या बाजूला ठेवून दिली. त्या दिवसापासून जेवण म्हणजे दोन उकडलेले बटाटे आणि थोडा भात, सगळं अळणी. तेही अर्धंच जायचं, कारण एकट्यानं अळणी बटाटा खाऊन बघा, तिसऱ्या घासाला आपण का जेवतोय हा प्रश्न पडतो. आणि पाणी? दर तासाला दोन पेले, घड्याळ लावून. दिवसाला सात लिटर. प्यायलं की नोंद, सोडलं की नोंद.

आणि बीपी उतरायला लागलं हो! एकशे छप्पन. एकशे चव्वेचाळीस. बाराव्या दिवशी एकशे तीस. काका इतके खूश झाले की उठून आरशात स्वतःलाच "शाब्बास" म्हणाले. रविवारी लेकीचा फोन आला.

"बीपी किती?"

"एकशे तीस!"

"वा! असंच ठेवा. मी ठेवते हं, मीटिंग आहे."

त्यांना सांगायचं होतं की आज झाकणाभोवती गवत उगवलंय. पण ते काही बीपीत मोडत नव्हतं.

चौदाव्या दिवसापासून डोकं ठणकायला लागलं. पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मळमळायचं. काकांनी शेऱ्यात लिहिलं, 'गाळ निघतोय.' लाइन धुताना सुरुवातीला गढूळ पाणी येतंच, तेव्हा घाबरून व्हॉल्व्ह बंद करतो तो नवशिका. काका नवशिके नव्हते. त्यांनी पाणी आठ लिटर केलं.

एकोणिसाव्या दिवशी कंट्रोलवालीनं घड्याळ पाहिलं. तीन वाजायला पाच मिनिटं होती आणि सातनंबर काकांचा फोन आला नव्हता. असं कधी झालं नव्हतं. ती उगाच फोनकडे बघत होती तेवढ्यात तो वाजला.

"काय काका, आज उशीर?"

"रीडिंग घ्या," काका म्हणाले. जीभ जड होती, तोंडात कापूस कोंबल्यासारखी. "प्रेशर एकशे दहा. पाणी आत आठ. पाणी बाहेर... पाणी बाहेर..."

"एकशे दहा?" ती हसली. "काका, एकशे दहा किलो प्रेशर आलं तर शहरातल्या सगळ्या नळ्या उडतील की हो!"

"बदली कुठंय? अडीच वाजून गेले. साडेतीन वाजले. कोणी येत नाही."

तिचं हसू जागच्या जागी विरलं. सातनंबर काका रीडिंग चुकले? प्रेशरचा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी बरोबर सांगणारा माणूस! तिनं खुर्ची पुढे ओढली.

"काका, तुम्ही कुठं आहात?"

"पंपहाऊसवर. मी जरा बघून येतो, बदली का आली नाही ते. गेटपर्यंत जातो."

म्हणजे हा माणूस असल्या अवस्थेत दार उघडून रस्त्यावर निघाला होता. आणि इथं कंट्रोलवालीनं जे केलं त्याला तोड नाही. ती ओरडली नाही, "घाबरू नका" असलं काही बोलली नाही. ती ऑपरेटरच्या आवाजात म्हणाली, "खबरदार! चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. नियम माहीत आहे ना?"

पलीकडे खुर्ची करकरल्याचा आवाज.

"माहीत आहे," काका म्हणाले. "बसलो."

"बदली निघालीये. रीडिंग परत सांगा. सावकाश."

एका कानाला काका, दुसऱ्या कानाला दुसरा फोन. पत्ता शोधायची गरजच नव्हती. दुरुस्तीची गाडी दोन गल्ल्यांवर एक गळती काढत होती. "सात नंबर व्हॉल्व्ह, समोरचं दार, पळा! अँब्युलन्स मागून येतेय." चार मिनिटांत दोन दुरुस्तीवाले हातात भलामोठा पाना घेऊन काकांच्या खोलीत शिरले. पाना कशाला आणला ते त्यांनाही सांगता आलं नाही. काका रिसिव्हर धरून ताठ बसले होते आणि पुन्हा पुन्हा तीच अर्धवट रीडिंग देत होते.

जाताना एकानं टेबलावरचं रजिस्टर उचललं. त्याला वाटलं, ऑपरेटर निघालाय तर रजिस्टर बरोबर हवंच.

हॉस्पिटलात रक्त तपासलं. सोडियम, म्हणजे आपल्या साध्या मिठातलं जे असतं तेच, एकशे पस्तीसच्या वर हवं, ते निघालं एकशे सोळा. डॉक्टरीण तरुण होती. तिनं रजिस्टर उघडलं, पाण्याच्या रकान्याची बेरीज केली आणि तिचा तिच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पण आजाराचं निदान लगेच झालं. इतकी चोख नोंद आणणारा पेशंट तिला आजवर भेटला नव्हता.

तिसऱ्या दिवशी काका पुरते भानावर आले तेव्हा तिनं स्टूल ओढलं.

"काका, या रजिस्टरातली बेरीज मी तीनदा करून बघितली. काय चालवलं होतं तुम्ही?"

"लाइन धूत होतो," काका खजील होऊन म्हणाले.

"कोणाची? ती लाइन सांभाळायला माणसं आहेत ना आत! तुमच्या पाठीत, बरगड्यांखाली, दोन किडन्या. रक्तात मीठ वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं. पाणी जास्त, नळ्या त्याच. मग काय होणार?"

"प्रेशर वाढणार."

"बरोबर. मग किडन्या जास्तीचं मीठ सोडून देतात, मिठामागून पाणी जातं, प्रेशर उतरतं. आणि फार उतरलं, तर त्याच किडन्या निरोप धाडतात, नळ्या आवळा, मीठ धरा, पाणी धरा."

"म्हणजे चढलं तरी त्याच, उतरलं तरी त्याच?"

"त्याच. दिवसभरात सगळं रक्त कितीतरी वेळा त्यांच्यातून गाळून जातं."

काकांच्या डोळ्यांत चमक आली. "शिफ्ट किती?"

"शिफ्ट नसते. जन्माच्या आधीपासून त्याच दोघी."

"बदली?"

"नाही."

काकांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. मग म्हणाले, "पण मी पाणी जास्त दिलं, तर त्यांनी सोडून द्यायचं की."

"सोडतात ना. पण निव्वळ पाणी नाही सोडता येत त्यांना. बरोबर थोडं मीठ लागतं, अन्नातून आलेलं काही टाकाऊ लागतं. तुम्ही मीठ तोडलं, जेवण चिमणीएवढं. वर ती गोळी. ती मीठ बाहेर काढते, आणि पाणी पातळ करून सोडायची जी जागा असते, नेमकी तीच अडवते. बाकी कितीतरी लोकांना ती छान चालते, पण कोणी आठ लिटर पाणी पीत नाही तिच्यावर! उरलेलं पाणी रक्तात राहिलं, मेंदूला सूज आली. म्हणून तुम्ही बरळत होतात."

"म्हणजे मी दुसऱ्याच्या शिफ्टमध्ये व्हॉल्व्हला हात लावला," काका हळूच म्हणाले. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. चौतीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते त्यांनी स्वतःच्याच पाठीत केलं होतं, आणि तेही त्या दोघींशी, ज्यांना आयुष्यात एकदाही कोणी 'चार्ज घेतला' म्हटलं नव्हतं.

"आता मीठ एकदम का नाही भरत?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"एकदम चढवलं तर मेंदूला इजा होते. थेंबाथेंबानं, दर काही तासांनी तपासून."

"बरोबर," काका म्हणाले. "व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की लाइन धडधडते. फुटते सुद्धा."

लेक पहिल्याच रात्री येऊन पोचली होती. तिचे डोळे सुजलेले, आवाज चढलेला. "मी म्हटलं होतं ना! आता काही ऐकणार नाही. पुढच्या आठवड्यात सामान भरायचं."

आकडा एकशे चाळीसच्या खाली होता, पण हा आकडा काका आता कोणत्या तोंडानं दाखवणार?

दुपारी ते झोपले असताना लेक रजिस्टर चाळत बसली. पाणी, प्रेशर, पाणी, प्रेशर. मग तिची नजर शेवटच्या रकान्यावर गेली.

'ठीक.'

'अडीचचा फोन, ४० सेकंद.'

'बेल वाजली. शेजारच्यांची होती.'

'अडीचचा फोन, ३५ सेकंद. तिला घाई असावी.'

'रविवार. लेकीचा फोन. बीपी विचारलं.'

'जिन्यात कोणीतरी हसलं. बरं वाटलं.'

'रविवार. लेकीचा फोन. बीपी विचारलं. गवताचं सांगायचं राहिलं.'

तिनं रजिस्टर मिटलं. परत उघडलं. परत मिटलं. काका जागे झाले तेव्हा ती त्यांच्याकडेच बघत होती.

"बाबा, गवताचं काय?"

"कसलं गवत? हां, ते. झाकणाभोवती उगवलंय. म्हणजे खाली कुठंतरी बारीक पाझर आहे." ते थांबले. "तुझ्याकडे नको गं नेऊस. तिथंही मी एकटाच असतो. फक्त उंचावर."

लेकीनं तोंड उघडलं. काहीतरी खोडून काढायचं होतं तिला. पण आठ ते आठ हे काही तिला खोडता येईना.

"आणि इथं मला कळणार कसं? तुम्ही तर एकशे तीस, एकशे तीस करत मरायला निघाला होतात!"

"तू प्रेशर विचारायचीस. मी प्रेशर सांगायचो," काका म्हणाले. "शेरा तू कधी विचारलाच नाहीस."

लेकीनं रजिस्टर परत उघडलं, शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि सामान भरायचा विषय पुन्हा काढला नाही.

दहा दिवसांनी काका आपल्या खुर्चीत होते. गोळी बदलली होती. पाणी डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिलेलं, तहानेपुरतं. मिठाची बरणी फडताळावरून खाली आली होती, आणि उकडलेल्या अंड्यावर छोट्या लाकडी चमच्याच्या टोकावर मावेल एवढं मीठ पडलं तेव्हा काकांना अंडं इतकं छान लागलं, इतकं छान लागलं, की त्यांनी डोळे मिटून घेतले. बायको असती तर म्हणाली असती, बघा, एवढंसं मीठ, पण...

खोली मात्र तशीच होती. तेच घड्याळ, तीच शांतता. कंट्रोलवालीशी बोलून झालं होतं. तिनं आज आधी काकांचं प्रेशर विचारलं आणि मग सात नंबरचं सांगितलं. पंचावन्न सेकंद. दुरुस्तीवाले येऊन पाझर काढून गेले होते, गवतही उपटून नेलं होतं. ते गेल्याचं काकांना थोडं वाईटच वाटलं.

बरोबर अडीचला फोन वाजला. मागे ऑफिसातला गलका, आणि लेकीचा आवाज.

"रीडिंग द्या."

काकांनी रजिस्टर पुढे ओढलं. "प्रेशर एकशे बत्तीस. काल तपासलेलं सोडियम एकशे छत्तीस. पाणी आत, सकाळपासून चार पेले."

"शेरा?"

"ठीक."

"ठीक म्हणजे खरंच ठीक, की काही घडलं नाही म्हणून ठीक?"

काका हसले. मग हसू थांबलं. खिडकीतून झाकण दिसत होतं, आजूबाजूला कोरडं ठणठणीत. फोनमध्ये कोणीतरी तिला हाक मारत होतं, पण ती हलत नव्हती. वाट बघत होती.

"शेरा," काका म्हणाले आणि त्यांना पुन्हा खाकरावं लागलं. "एकटं वाटतं. दुपारी जास्त."

लेकीनं एकेक शब्द सावकाश, जराही न गाळता परत म्हटला. "प्रेशर एकशे बत्तीस. सोडियम एकशे छत्तीस. पाणी चार पेले. शेरा, एकटं वाटतं, दुपारी जास्त." मग म्हणाली, "चार्ज घेतला, बाबा."

फोन बंद झाला. खोलीत पुन्हा काहीच नव्हतं. बाहेर झाकणावरून एक गाडी गेली, खडाड्.

"व्हॉल्व्हचं गं," काका कोणालाही उद्देशून नाही, असंच म्हणाले, आणि पुढचा चार्ज उद्या अडीचला, तोवर थोडं आडवं व्हायला हरकत नाही म्हणून खुर्चीतून उठले.